पडद्याआडच्या फाशाची हकीकत

॥ श्री ॥ आधी विघ्नहर्त्यास नमन, मग वाग्देवीस, आणि तदनंतर वीस पैलूंचा जो फासा, जो थोर पाहत नाही, लहान पाहत नाही, पडतो तैसा पडतो, त्यास नमन करून ही हकीकत लिहावयास घेतली असे. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, ते साली कोणे एके शहरी सायकलीच्या दुकानावरील माडीत एक राज्य नांदत होते. शहराचे नाव लिहिणे कारण नाही. लिहिले असता गर्दी होईल, आणि गर्दीने त्या राज्याचे काय केले ते पुढे येईलच. राज्याचा पसारा म्हणाल तर एक मेज, भोवती पाच खुर्च्या, भिंतीलगत एक बाक आणि खिडकीत पाण्याचा माठ; आणि मुलूख म्हणाल तर डोंगर, दऱ्या, अरण्ये, बुडालेली नगरे, सूत्रधाराच्या मुखातून जितके निघेल तितके सर्व त्या राज्याचेच. दर रविवारी दोन प्रहरी जेवणे उरकून दरबार भरत असे आणि दिवेलागणीस उठत असे. घरची मंडळी म्हणत की ही थोर माणसे लहान पोरांसारखी खेळावयास जातात. म्हणोत बापडी.

खेळाची रीत ज्यांस ठाऊक नाही त्यांचेसाठी लिहितो. एकाने सूत्रधार व्हावे आणि कथा सांगावी. बाकीच्यांनी एकेका वीराचे सोंग घ्यावे, आणि त्या वीराचे बळ, बुद्धी, शस्त्रे, जखमा हे सर्व एका कागदावर लिहून तो कागद पुढ्यात ठेवावा. सूत्रधाराने म्हणावे, समोर दरी आहे; खेळाडूने म्हणावे, मी उडी मारतो; आणि उडी साधली की हाडे मोडली हे फाशाने सांगावे. आकडा थोर तर यश, लहान तर फजिती. खेळाडूंचे फासे उघड्यावर पडतात. सूत्रधारापुढे मात्र पुठ्ठ्याचा एक उभा पडदा असतो, शत्रूचे फासे तो त्या पडद्याआड टाकतो आणि आकडा तोंडाने सांगतो. त्याने सांगावे आणि सर्वांनी मानावे. त्या पडद्यास दुसऱ्याने हात लावू नये, आत डोकावू नये, संशयाचा शब्द काढू नये. त्या राज्यात याहून मोठा अपमान नव्हता.

सूत्रधार हेमंतराव बेलसरे म्हणोन होते. पेशाने जमीनमोजणीचे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोलणे थोडके, हसणे त्याहून थोडके. आठवडाभर लोकांच्या बांधांची भांडणे मोजावी आणि रविवारी नसलेल्या डोंगरांचे नकाशे मांडावे, तेही ऐसे की चढ किती, उतार किती, पाणी कोठे मिळेल, हे सर्व खऱ्यासारखे. आणि त्यांचा लौकिक हा की पडद्याआड हेमंतराव कधी खोटे बोलले नाहीत. डाक्टर कोठावळे म्हणोन त्यांचे जुने स्नेही, दातांचे वैद्य, त्यांचा लाडका वीर ऐन लढाईत पडला तेव्हा डाक्टर महिनाभर हेमंतरावांशी धड बोलले नाहीत. परंतु आकडा खरा होता याविषयी डाक्टरांच्या मनीही शंका आली नाही. डाक्टरांशिवाय दरबारी आणखी दोघे. नसरीनबाई बागवान, कालेजात पदार्थविज्ञान शिकवीत, बोलण्यास रोखठोक. आणि यशोदीप तांडेल, बँकेतले, हसण्यास आणि खाण्यास सर्वांच्या पुढे. येणेप्रमाणे कुल चौघे, आणि पाचवी खुर्ची रिकामी.

ती रिकामी का, तर दारावर हेमंतरावांची चौकी होती. नवा माणूस आला की हेमंतराव दारातच उभे राहत आणि ऐसे ऐसे प्रश्न घालीत की आलेला माणूस जिन्यावरून खाली जाताना आपले नावही विसरून जात असे. परंतु यास कारण जाहले होते, ते न लिहिता हेमंतरावांस दोष देणे अन्याय होईल. मागे एक सिनेमातील नट, मोठा नामांकित, आपणही या खेळाचे भक्त आहो ऐसे जगजाहीर करून दरबारी आला. सोबत छायाचित्रवाले, सोबत दिवे. हेमंतराव हरखून गेले, नवा सदरा घालून बसले. नटाने फासा हाती घेऊन डोळ्यांस लाविला, दात दाखविले, चित्रे काढविली, कथा सुरू होताच घड्याळ पाहिले आणि निघून गेला. मग चित्रे पसरली, आणि पुढील रविवारी जिन्यावर पाय ठेवण्यास जागा उरली नाही. जो तो ‘ते कोणत्या खुर्चीवर बसले होते’ ऐसे विचारी. दोन खुर्च्या मोडल्या. आणि डाक्टरांनी दवाखान्यातील बारीक हत्यारांनी खवला खवला कोरून, रंगवून, महिनोन्महिने खपून सिद्ध केलेला, डावात मेजावर मांडावयाचा बोटभर उंचीचा राक्षसी सरडा कोणी खिशात घालून नेला. डाक्टर मेजाखाली, बाकाखाली, जिन्याखाली शोधत फिरले. ते पाहून हेमंतरावांस वाटले की हे आपल्या हरखण्याने जाहले, आणि त्या दिवसापासून दारावरची चौकी कडक जाहली.

ऐसे असता त्या वर्षी, आंबे उतरून गेल्यावर, एका रविवारी शाल्मलीबाई दिघावकर दारात उभ्या राहिल्या. या कोण, तर त्या काळी घरोघर जी मालिका सांजवेळी पाहत, तीतील थोरली जाऊ. धाकटीच्या दुधात औषध घालणारी, दागिने लपविणारी, दाराआड उभी राहून ऐकणारी ती. तिला शिव्या घातल्याशिवाय कित्येक घरी जेवणास बसत नसत. बाई रिक्षाने आल्या, एकट्या आल्या, तोंडास रुमाल बांधून आल्या, आणि हाती फाशांची लहानशी पिशवी. यशोदीप ओळखून ताडकन उभा राहिला आणि त्याच्या हातातला वडा खाली पडला. हेमंतराव मात्र दारात आडवे जाहले. पुढील बोलणे जैसे जाहले तैसेच लिहितो, कारण माणसे दरबारी असली तरी बोलताना घरच्यासारखीच बोलतात.

हेमंतराव म्हणाले, “छायाचित्रवाले कुठे आहेत?”

“कोणी नाही. मी एकटीच आलेय. खेळायचंय.”

मग हेमंतरावांनी तोफा डागण्यास आरंभ केला. खेळाच्या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत चेटक्याला चिलखत का चालत नसे, विषाचा अंमल किती वेळ राहतो, पाण्याखालच्या लढाईत भाल्याचे गणित काय, एकामागून एक. बाईंनी काहींची उत्तरे दिली, आणि बहुतेकांस म्हणाल्या, “हे नाही ठाऊक. पुस्तकात बघून सांगेन.”

“पुस्तकात बघून कोणीही सांगेल.”

“मग पुस्तक कशाला छापतात?” ऐसे नसरीनबाई आतून बोलल्या. “आणि हेमंतराव, मी आले तेव्हा तुम्ही मला यातलं एकही विचारलं नव्हतं.”

हेमंतराव दारातून हलले नाहीत. तेव्हा बाईंनी रुमाल सोडला आणि शांतपणे म्हणाल्या, “सर, सेटवर लाइट लागेपर्यंत आम्ही मेकअप रूममध्ये खेळतो. हेअरवाला, लाइटवाले, मी. पण तिथे मी हरतच नाही. मॅडम आहेत, जाऊ द्या, म्हणतात. माझ्यावर आलेला घाव दुसऱ्यावर ढकलतात. हरायला मिळत नाही तर तो खेळ कसला? मला चार माणसांसारखं एका डावाला बसायचंय. एवढंच.”

हे ऐकून दुसरा कोणी विरघळला असता. हेमंतरावांनी नटाचे बोलणे ऐकले होते, तेही ऐसेच गोड होते. परत जा म्हणणे तोंडी येईना आणि खुर्ची देणे जिवावर येईना, म्हणून त्यांनी बाकाकडे बोट केले की बसा, पाहा. बाई बाकावर बसल्या. आणि पुढील रविवारी आल्या, आणि त्यापुढील रविवारीही आल्या. एकदा चित्रीकरणातून तशाच धावत आल्या, कपाळी ती मालिकेतील रुपयाएवढी टिकली आणि पाठीवर उसना शेपटा, आणि त्याच वेषात बाकावर मांडी घालून बसल्या. कोणी वीर पडला तर हळहळत, कोणास चांगली युक्ती सुचली तर मान डोलवीत, परंतु मध्ये बोलत नसत. हेमंतराव पडद्यावरून चोरून पाहत की आज घड्याळ पाहील, आज पिशवीतला फोन काढील. तसे काही होईना, आणि त्यामुळे हेमंतराव अधिकच चिडचिडे जाहले. शेवटी एका रविवारी डाव मांडतेवेळी नसरीनबाई आपला कागद घेऊन उठल्या आणि बाकावर बाईंच्या शेजारी जाऊन बसल्या.

“हे काय?” हेमंतरावांनी पुसिले.

“बाई मेजाशी बसणार नसतील तर मीही इथूनच बघते. बरं दिसतं इथून.”

मग डाक्टर उठले, डब्यातला लाडू तोंडात टाकून बाकाकडे गेले. मग यशोदीप सर्वांकडे पाहून ‘सर, माफ करा’ म्हणोन गेला. बाक लहान, माणसे चार, एकमेकांस खेटून बसली, आणि मेजाशी हेमंतराव आणि त्यांचा पडदा एवढेच उरले. सारा दरबार फितूर जाहला तेव्हा सूत्रधाराने राज्य करावे कोणावर? हेमंतरावांनी पाचवी खुर्ची आपल्या हाताने ओढली आणि म्हणाले, “या. पण सवलत मिळणार नाही.” बाई म्हणाल्या, “तेच तर मागतेय.”

आता सर्वांस वाटले होते की एवढी थोर नटी, ती राजकन्या होईल, नाहीतर तेजस्वी योद्धा तरी होईल. बाईंनी वीर केला तो धोंडा पखाल्या. सैन्यामागे पखाल पाठीवर घेऊन चालणारा पाणक्या, एका पायाने अधू, लढाईस भिणारा, शस्त्र म्हणाल तर पखालीचे तोंड बांधण्याची दोरी. आणि त्यास बाईंनी ऐसा उभा केला की काय सांगावे. मालिकेत डोळे वटारून भिवया नाचविणारी ती बाई येथे आवाजही चढवीत नसे. प्रत्येक मुक्कामी धोंडा एकेकाजवळ जाई आणि ‘पाणी घेतलंत का’ एवढेच विचारी. नसरीनबाईंची तिरंदाज आईच्या आठवणीने रडली तर धोंडा तिच्याजवळ भांडे ठेवून मुकाट दूर जाऊन बसे. डाक्टर तर म्हणत की आम्ही आजवर मोहिमा केल्या, परंतु तहान लागते हे आम्हांस कोणी सांगितले नव्हते. हेमंतरावांनी हे काही बोलून दाखविले नाही. परंतु नकाशा काढतेवेळी ते आधी झरे काढू लागले, आणि मोजणीवर असता, साखळी हाती धरून उन्हात उभे असता, हे ओझे धोंड्यास चढावर कसे झेपेल ऐसे त्यांचे मनी येऊ लागले. ऐसा बाईंचा अंमल. नाव पाहून भाळणारे पुष्कळ, परंतु हेमंतरावांसारख्या कोरड्या माणसास बाईंनी आपल्या गुणाने जिंकले, आणि आपण जिंकले गेलो हे हेमंतरावांस कळलेही नाही.

मग माघाच्या सुमारास ती थोर लढाई जाहली. करवती खिंड म्हणोन त्या कथेत एक जागा होती, तेथे शिळासुर नावाचा राक्षस बसला होता. अंग दगडाचे आणि पोटात भट्टी, त्यामुळे सर्वांग तापून लाल. डाक्टरांचा लाडका वीर मागे येथेच पडला होता. त्या रविवारी पुन्हा तेथे गाठ पडली आणि दाणादाण जाहली. यशोदीपचा मल्ल गुडघ्यावर आला, तिरंदाजाचे बाण सरले, डाक्टरांचा नवा वीर निपचित पडला. माडीत चहा निवून साय धरली, कोणी पेल्यास हात लावीना. तेव्हा बाईंनी हळूच पुसिले, “धोंड्याची पखाल भरलेली आहे ना?”

“सकाळीच भरलीय,” हेमंतराव बोलिले.

बाई धोंड्याच्या तोंडाने बोलल्या, “मग मी पळत नाही. मी त्याच्या पायाशी जातो आणि अख्खी पखाल त्याच्या छातीवर उलटी करतो.”

नसरीनबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. “तापलेला दगड आणि गार पाणी. तडकणार, हेमंतराव, तडकायलाच पाहिजे.”

“तडकेल,” हेमंतराव म्हणाले, “पण त्याला तिथवर पोचायला हवं. आणि तडकता तडकता राक्षसाचा एक घाव येणारच. तो पुरा बसला तर धोंडा वाचत नाही. विचार करा.”

बाईंनी विचार केला नाही. फासा टाकला तो उघड्यावर सतरा पडला. धोंडा लंगडत लंगडत, धगीत भुवया जळत, राक्षसाच्या पायाशी पोचला आणि त्याने पखालीची दोरी सोडली. हेमंतरावांनी त्या दगडाचे तडकणे ऐसे वर्णिले की डाक्टरांनी कान झाकले. मग राक्षसाच्या शेवटच्या घावाचा फासा हेमंतरावांनी पडद्याआड टाकला. तो घरंगळत जाऊन पुठ्ठ्यास लागला आणि थांबला. वीस. याहून थोर आकडा त्या फाशावर नाही. पुरा घाव. धोंडा मेला.

हेमंतरावांनी तो आकडा पाहिला आणि मग बाईंच्या तोंडाकडे पाहिले. मनी आले की आता या बाई उठतील, गोड हसतील, छान वेळ गेला म्हणतील आणि पुन्हा येणार नाहीत. मोठी माणसे जिंकण्यापुरती राहतात, नट तर तेवढाही राहिला नाही. मनी आले की पाचवी खुर्ची पुन्हा रिकामी दिसेल. आणि मनी आले की धोंडा, ज्याने आजवर कोणास दुखविले नाही, तो ऐसा मरावा हे बरे नव्हे. ज्या माणसाने जन्मात एक वीत जमीन इकडची तिकडे मोजली नाही, त्याने श्वास घेतला आणि तो म्हणाला, “सात. घाव हुकला.”

मग काय विचारता. यशोदीपने मेजावर थापा मारल्या, डाक्टरांनी नसरीनबाईंच्या पाठीवर मारावयाची ती थाप चुकून माठावर मारली, तिरंदाज, मल्ल सर्व वाचले, खिंड फत्ते जाहली. एकट्या शाल्मलीबाई हसल्या नाहीत. त्या हेमंतरावांकडे पाहत होत्या. आणि सर्व निवल्यावर म्हणाल्या, “सर, पडदा जरा बाजूला घ्याल?”

डाक्टरांनी घसा साफ केला. “ताई, तसं विचारत नाहीत इथे. जीव वाचला ना? सोडा.”

“डॉक्टर, तुमचा वीर याच खिंडीत गेला. तेव्हा यांनी आकडा सांगायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघितलं तसं तुमच्या तोंडाकडे बघितलं होतं का?”

डाक्टरांनी हेमंतरावांकडे पाहिले. बाई म्हणाल्या, “आमचं पोटच खोटं बोलण्यावर आहे. खोटं वाक्य यायच्या आधी माणूस श्वास घेतो. सर इतके महिने आकडा पडला की सांगून मोकळे होतात. आज श्वास घेतला.”

हेमंतरावांचा हात पडद्याआड होता, आणि बोट फाशापासून सुताच्या अंतरावर. एक टिचकी मारली असती तर फासा उलटला असता, पडदा काढताना धक्का लागला म्हणता आले असते, बाई खोट्या पडल्या असत्या आणि लौकिक जैसा होता तैसा राहिला असता. बोट पुढे गेलेही. हे हेमंतरावांनी पुढे आपण होऊन सांगितले म्हणून लिहितो, नाहीतर कोणास कळते ना. मग त्यांनी बोट मागे घेतले, दोन्ही हातांनी पडदा उचलला आणि मिटून खाली जमिनीवर ठेवला. फासा सर्वांनी पाहिला.

“वीस,” हेमंतराव म्हणाले. “मी खोटं बोललो. धोंडा गेला तर तुम्ही परत यायच्या नाहीत असं वाटलं मला.”

“मी गेले असते ती आत्ता. सात ऐकून.”

यशोदीप काकुळतीने बोलिला, “जाऊ द्या ना मॅडम. एवढ्या वेळी राहू द्या की धोंड्याला. आम्हांला हवाय तो.”

तेव्हा बाईंचा आवाज पहिल्यांदा चढला, तोही थोडकाच. “मालिकेत मी दोनदा मेले. एकदा विहिरीत, एकदा गाडीखाली. दोन्ही वेळा लोकांना हवी होते म्हणून परत आणलं. मला एकदा तरी नीट मरू द्या.”

त्या राज्यात वीर पडला की त्याचा कागद सूत्रधाराने आपल्या हाते सर्वांदेखत फाडावा ऐसी चाल होती, आणि कागद फाटेतोवर सर्वांनी उभे राहावे. सर्व उभे राहिले. हेमंतरावांनी धोंड्याचा कागद हाती घेतला; बळ थोडके, पाय अधू, आणि सामानाच्या रकान्यात बाईंनी ‘पाणी’ ऐसे लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. मग तो मधोमध फाडला. फाटल्याचा आवाज जाहला आणि शाल्मलीबाई रडू लागल्या. मालिकेत त्या रडत तेव्हा डोळ्यांतून एकच थेंब गालावरून नीट ओघळे. येथे नाक लाल जाहले, तोंड वाकडे जाहले, हुंदके आवरेनात, आणि नसरीनबाईंनी आपला पदर पुढे केला. हेमंतरावांनी चष्मा काढून पुष्कळ वेळ पुसला. मग बाई खुर्चीवर बसल्या, नाक ओढले, कोरा कागद आपल्यापुढे घेतला, आणि नव्या माणसास जेथून आरंभ करावा लागतो तेथून, तळच्या पायरीवरून, दुसरा वीर लिहू लागल्या.

त्या दिवसापासून पडदा कोणी उभा केला नाही. सूत्रधाराचाही फासा उघड्यावर पडू लागला. लौकिकाचे म्हणाल तर हेमंतरावांस वाटले होते की तो गेला. परंतु जो माणूस आपले खोटे आपल्या हाते उघडे करितो, त्याच्या शब्दावर लोक आधीहून अधिक भरवसा ठेवितात, हे मेजाभोवतालच्या मंडळीस पुरते कळले.

पुढील रविवारी डाव लागलीच सुरू होणार नव्हता. वीर पडल्यानंतरच्या दरबारी आधी त्याची गोष्ट कोणी तरी सांगावी आणि मगच फासे काढावे, ऐसी त्या राज्याची आणखी एक चाल. मंडळी जमत होती तोच दारात एक बाई येऊन उभी राहिली. मागल्या चाळीतील कुंदाबाई म्हणोन, हाती भाजीची पिशवी, चढून आल्यामुळे धाप लागलेली. हेमंतराव दाराशी गेले.

“ती थोरली जाऊ इथे येते म्हणे,” कुंदाबाई म्हणाल्या. “मला तिला तोंडावर दोन शब्द सुनवायचेत. धाकटीला किती छळते ती.”

आता ही तर पुन्हा तीच गर्दी, तिचे पहिले पाऊल. डाक्टरांनी मेजावरील आपल्या कोरलेल्या बाहुल्या हळूच जवळ ओढल्या. शाल्मलीबाई खुर्चीत होत्या, साध्या पोलक्यात, केस बांधलेले, आणि खिडकीकडे पाहू लागल्या. हेमंतरावांनी एकही प्रश्न घातला नाही.

“जाऊबाई इथे कोणी नाहीत,” ते म्हणाले. “इथे आमचा एक पाणक्या होता. गेल्या रविवारी वारला. त्याचंच बोलणं चाललंय. बसायचं असेल तर या.”

कुंदाबाईंचा चेहरा एकाएकी उतरला. मयताच्या घरी आपण भांडावयास आलो ऐसे त्यांस वाटले असावे. त्यांनी चपला काढल्या, पिशवी भिंतीशी ठेवली, डोक्यावर पदर घेतला आणि बाकावर अवघडून टेकल्या. मग जवळच्या खुर्चीतील, खिडकीकडे तोंड केलेल्या त्या बाईकडे वळून, कोण आहे ते न पाहता, हलक्या आवाजात पुसिले, “कसा गेला हो?”

आणि शाल्मलीबाई खिडकीकडून वळल्या आणि सांगू लागल्या.

येणेप्रमाणे त्या राज्याचा दरवाजा उघडला, तो एका नटीच्या सच्चेपणाने आणि एका द्वारपाळाच्या हिमतीने. दोघांनीही आपला मान आपल्या हाते उतरवून मेजावर ठेविला, म्हणून दोघेही थोर. बखरकाराने ऐकिले तैसे लिहिले, पदरचे घातले नाही. कुंदाबाई सांप्रत दर रविवारी येतात, आणि फासा वाईट पडला तर उघड उघड रडतात. इति.